गल्लीची भिंत, गल्लीचं गाणं : वस्तीतल्या प्रश्नासाठी म्युरल आणि रॅप कसं उभं करायचं

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत, सार्वजनिक शौचालयाच्या शेजारच्या भिंतीवर आम्ही पहिलं चित्र काढलं, तेव्हा ते दिसायला फार छान झालं होतं. मोठं फुलपाखरू, त्यावर बसून उडणारी मुलगी, खाली 'स्वप्नं पाहा'. सगळ्यांनी फोटो काढले. पंधरा दिवसांनी एका मावशींनी थांबवून विचारलं, "बाळा, चित्र झालं. कडी कधी लागणार?" बायकांच्या बाजूच्या चार दारांना आतून कडीच नव्हती. आम्ही तीन रविवार त्या दारांपासून दहा फुटांवर रंगवत होतो आणि तिथे काय अडचण आहे हे एकालाही विचारलं नव्हतं.

त्या प्रश्नानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितोय. ज्यांच्या हातात ब्रश किंवा माइक आहे आणि ज्यांना आपल्या गल्लीतलं काहीतरी खरोखर बदलून हवंय, अशा पोरापोरींसाठी. उदाहरण शौचालयाचंच ठेवलंय. पाणी, कचरा, खांबावरचा बंद दिवा, यांनाही हीच पद्धत लागू पडते.

ही रीत आपल्या घरातली आहे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अमर शेख त्यात आले आणि गिरणगावातल्या कामगारांचे प्रश्न डफ-तुणतुण्यावर गावोगाव पोचले. त्याच्याही आधी भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे होते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. आजही मुंबईतल्या वस्त्यांतून रॅप करणारी पोरं त्यांचं नाव घेतात. २०१९ मध्ये आरेच्या झाडांसाठी लोक रस्त्यावर होते, त्याच वर्षी 'स्वदेशी' या रॅप गटाने आरेच्या पाड्यातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली आदिवासींच्या जमिनीवर गाणं केलं. ज्याची जमीन जातेय त्याचा स्वतःचा आवाज गाण्यात आहे, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

पहिलं काम : एकच मागणी, आणि तिचा कागद

'स्वच्छता राखा', 'बदल घडवा' असलं काही भिंतीवर लिहायचं असेल तर हा लेख इथेच सोडा. त्यासाठी एवढी मेहनत लागत नाही. मागणी अशी हवी की ती पूर्ण झाली की नाही हे शाळकरी पोरगंही पाहून सांगू शकेल. 'बायकांच्या बाजूच्या चार दारांना कड्या आणि आत दोन दिवे' ही मागणी. 'महिलांची सुरक्षितता' हा भाषणाचा विषय.

ती सापडायला एक आठवडा द्या. वही घ्या आणि तीन वेळांना जागेवर बसा : पहाटे साडेचार ते सहा, दुपारी, आणि रात्री नऊनंतर. रांगेत किती, सीट किती, चालू किती, पाणी कधी संपतं, दिवा कुठे नाही, हे तारखेसह लिहा. बायकांच्या बाजूची नोंद मुलींनीच करायची, आणि आत कुणी असताना फोन बाहेर काढायचा नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी निकषांत सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ बायकांमागे एक सीट असं प्रमाण दिलंय. तुमच्या वहीतला आकडा त्याच्या शेजारी ठेवा. गाण्याची पहिली ओळ बहुतेक तिथेच मिळते.

मग अर्ज. शौचालय पालिकेचं आहे, म्हाडाने बांधलंय, की वस्तीतली संस्था चालवतेय, हे आधी शोधा. मुंबईत तिन्ही प्रकार एकाच गल्लीत सापडतात आणि चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. अर्ज दोन प्रतींत न्या, एक जमा करा, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच जपून ठेवा. पुढच्या सगळ्या कामाचा पाया ती आहे.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांत. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं, नाहीतर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. 'दुरुस्ती का होत नाही?' असं विचारू नका. 'या शौचालयाच्या देखभालीचं कंत्राट कोणाकडे, रक्कम किती, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेला' असं विचारा. 'का'चं उत्तर टाळता येतं. कागद मागितला तर तो द्यावा लागतो.

हे सगळं कलेच्या आधी कशाला, असं नवीन पोरं नेहमी विचारतात. मुंबईत पाणी हक्क समितीने बेकायदा ठरवलेल्या वस्त्यांच्या पाण्यासाठी जो लढा दिला, त्यात १५ डिसेंबर २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश मिळाला : वस्ती अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांची कागदपत्रं आणि मोर्चे दोन्ही होते. भिंत आणि गाणं कागदाला पाय देतात. कागदच नसेल तर पाय कुणाला देणार?

टोळी

आठ ते बारा जण पुरतात. दोघं-तिघं चित्राचे, दोघं गाण्याचे, एक जण कागदपत्रांचा, एक जण हिशेबाचा, आणि एक जण असा की ज्याला गल्लीतलं प्रत्येक घर ओळखतं. हा शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेकदा ती कुणाची तरी ताई किंवा आजी असते, वयाने तुमच्यात न बसणारी. तिला सुरुवातीपासून घ्या.

तालमीची वेळ मुलींना विचारून ठरवा. रात्री नऊची तालीम ठेवली की चार दिवसांत टोळीत फक्त मुलगे उरतात, आणि मग कडीचं गाणं पुरुषांच्याच आवाजात होतं. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ आम्हाला जमली. अठरा वर्षांखालच्यांच्या घरी जाऊन आईवडिलांची लेखी परवानगी घ्या, त्यात व्हिडिओचाही उल्लेख करा.

भिंत आणि तिची परवानगी

भिंत निवडताना तीन गोष्टी बघा : लोक तिच्यासमोर थांबतात का, ती कोणाची आहे, आणि तिच्यात ओल किती आहे. लोक थांबतात ती जागा म्हणजे रांग, नळ, रिक्षा स्टँड, रेशनचं दुकान. हायवेकडची मोठी भिंत मोह घालते, पण तिथे वाचणारा चाळीसच्या वेगात असतो.

परवानगी लेखी घ्या. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ प्रमाणे परवानगीशिवाय रंगवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पालिकेची भिंत असेल तर वॉर्ड ऑफिसात सहाय्यक आयुक्तांच्या नावे अर्ज, सोबत चित्राचा रंगीत नमुना आणि मोजमाप. रेल्वेच्या हद्दीतली भिंत पहिल्या कामासाठी टाळाच. तिथे विनापरवाना पाऊल टाकणं हाच रेल्वे अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि रुळाजवळ शिडी लावणं जिवावरचं काम आहे.

सगळ्यात सोपा मार्ग खासगी भिंतीचा : एखाद्या काकांच्या दुकानाची बाजू, चाळ कमिटीची खोली, मंडळाचं ऑफिस. साध्या कागदावर 'अमुक मापाचं, अमुक विषयाचं चित्र, अमुक तारखेपर्यंत ठेवायला माझी हरकत नाही' असं लिहून सही घ्या, फोटोप्रत खिशात ठेवा. रंगवताना बीटवरचा हवालदार येतोच. त्याला कागद दाखवला की तो चहा पिऊन जातो.

पालिकेकडून परवानगी मिळतच नाही असं समजू नका. २००९ च्या ऑगस्टमध्ये माहीम-दादरच्या बाजूची तुळशी पाइप रोडची लांबच लांब भिंत शेकडो सामान्य लोकांनी रंगवली, ती पालिकेच्या संमतीनेच. अडचण वेगळीच येते. फुलं-पक्षी लगेच मंजूर होतात, अर्जाचा क्रमांक लिहायचा म्हटलं की साहेब नमुना खाली ठेवतात. अशा वेळी चित्र पालिकेच्या भिंतीवर आणि मजकूर समोरच्या खासगी भिंतीवर, अशी वाटणी आम्ही केलीय. चालते.

काय काढायचं

कागदावर आधीच ठरवून येऊ नका. भिंतीच्या मापाचा पेपर रोल एका संध्याकाळी तिथेच चिकटवा, खडू आणि मार्कर ठेवा, आणि लोकांना काढू द्या. पोरं मोबाइल आणि बाइक काढतील, काढू देत. मग बायका येतात. आमच्या त्या गल्लीत एका आजींनी काहीच काढलं नाही. त्यांनी कागदावर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाल्या, "असंच दार धरून उभी असते मी. आत सून, बाहेर मी." पुढच्या चित्रात तेच आलं : एक बंद दार, आणि दाराच्या फटीवर बाहेरून दाबून धरलेले पंजे. एक, दोन, बारा. बांगड्यांचे, मेंदीचे, सुरकुतलेले, मुंबईच्या सगळ्या धर्मांचे आणि जातींचे. कडी हा शब्द चित्रात कुठेच नव्हता, पण पाहणाऱ्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

चित्राच्या खाली एक पट्टा सोडा, फूटभर उंचीचा. त्यावर मागणी, अर्ज दिल्याची तारीख, आवक क्रमांक, आणि शेवटी 'आज दिवस :' असं लिहून चौकोन. चौकोनातला आकडा दर आठवड्याला बदलायचा. हा पट्टा म्हणजे माझ्या मते सगळ्या कामाचा जीव आहे. २०१७ च्या अखेरीस घाटकोपरच्या असल्फाची टेकडी रंगली आणि मेट्रोतून जाणारे लोक खिडकीतून बघू लागले. रंगाने वस्तीकडे नजर वळते, हे खरं आणि मोलाचं. त्या वळलेल्या नजरेला वाचायला काय ठेवायचं, हे आपल्या हातात असतं.

भिंत तयार करणं

इथे घाई केली की पहिल्याच पावसात चित्र जातं. मोसम निवडा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात ब्रश भिंतीला लागण्याआधी सुकतो, आणि जून ते सप्टेंबर विषयच नाही.

भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी पूड हाताला लागली तर जुना चुना आहे. पापुद्रे पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढावेच लागतात, त्यावर कितीही महाग रंग लावा, चुन्यासकट खाली येतो. हिरवं-काळं शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, हातमोजे घालून, आणि धुऊन दोन दिवस कडक वाळू द्या. खारासारखा पांढरा थर पुन्हापुन्हा फुटत असेल तर तो लोणा आहे. आत कुठेतरी पाणी मुरतंय. अशी भिंत सोडून द्या किंवा चित्र त्या पट्ट्याच्या वर सरकवा. नवीन प्लास्टर असेल तर निदान २८ दिवस थांबा.

भेगा बाहेरच्या पुट्टीने भरा, सँडपेपर मारा, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. वर एक्स्टिरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा रंग. डिस्टेंपर स्वस्त पडतो म्हणून दुकानदार पुढे करील, पण तो घरातल्या भिंतीसाठी आहे.

हिशेब असा : २० फूट लांब आणि ८ फूट उंच भिंत म्हणजे १६० चौरस फूट. प्रायमर एका हातात लिटरला साधारण १०० चौरस फूट जातो, म्हणजे दीड-दोन लिटर. इमल्शन दोन हातांत लिटरला ५० ते ६० चौरस फूट, म्हणजे तीन लिटर पांढरा. चार लिटरचा डबा घ्या. उरलेल्या पांढऱ्यात स्टेनर (बाटलीत मिळणारा घट्ट रंग) मिसळून फिके रंग बनवा. एका लिटरला ४०-५० मिलीच्या वर स्टेनर घालू नका, जास्त झाला तर रंग धड वाळत नाही आणि बोटाला लागत राहतो. गडद लाल, निळा, काळा मात्र तयार शेडमध्येच घ्या. गडद रंग पांढऱ्यातून कधीच निघत नाही, तो काढायच्या नादात आमचा अख्खा डबा वाया गेलाय.

चित्र मोठं करायला चौकटी आखा. कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट. २० बाय ८ ची भिंत दोन ए-फोर कागद आडवे जोडले की त्यात बसते. भिंतीवरच्या रेषांसाठी सुताला निळीची किंवा गेरूची पूड लावा, दोघांनी दोन टोकं ताणून धरा, आणि मधे चिमटीत ओढून सोडा. जुने पेंटर असंच सूत मारतात. वस्तीत असा एखादा पेंटर असतोच, दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने खाल्ल्यामुळे घरी बसलेला. त्याला मान देऊन बोलवा आणि मजुरी द्या. एका दिवसात तो जे शिकवतो ते दहा व्हिडिओ शिकवत नाहीत.

स्प्रे कॅन वापरायचे असतील तर एक सांगतो : साधा कापडी किंवा एन-९५ मास्क रंगाचे कण थांबवतो, थिनरची वाफ थांबवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या लावलेला रेस्पिरेटर लागतो. लहान मुलं आसपास असतील तर ब्रशनेच काम करा.

अक्षरं

आमच्या पोरांचं सगळ्यात कमी लक्ष असतं ते इथे. इंग्रजी ग्राफिटीची वळणं देवनागरीवर चढवली की शिरोरेषा नागमोडी होते आणि रांगेतल्या बाईला वाचता येत नाही. जिला वाचता यावं म्हणून लिहिलं, तिलाच नाही.

मापाचा साधा नियम : दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंची. रस्त्यापलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचं तर चार इंच हे किमान, आठ इंच बरं. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, मात्रा-उकार सोडून. दोन ओळींमध्ये अक्षराएवढीच मोकळी जागा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षर, आणि एका ओळीत पाच-सहा शब्दांच्या वर नाही.

तोच मजकूर दहा ठिकाणी हवा असेल तर स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कापलेला साचा करा. जुन्या एक्स-रेची फिल्म यासाठी झकास, पातळ असते आणि धुऊन पुन्हा वापरता येते. फक्त तिच्यावरचं पेशंटचं नाव आधी कापून टाका. देवनागरीची गंमत अशी की व, ब, प, म यांच्या पोटातला तुकडा कापताच सुटून पडतो. म्हणून तिथे काडीएवढा पूल ठेवायचा. शिरोरेषाही सलग कापू नका, लांब चीर पडली की फिल्म फाटते. प्रत्येक अक्षरापाशी ती तोडा, वाचणारा डोळ्याने जोडून घेतो.

गाणं

वही उघडा. पहाटेच्या नोंदी मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला सगळे गप्प होतात, त्याखाली रेघ मारा. आमच्यातल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'कडी नाही दाराला, आई उभी दाराला'. नोंदीत अगदी सहज आलेलं वाक्य. त्याचाच हुक, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी ओळ झाली :

कडी नाही दाराला, आई उभी दाराला,
अर्ज कुठे अडला, विचारा त्या टेबलाला.

हुक असा हवा की दुसऱ्यांदा ऐकताना रांगेतली माणसं सोबत म्हणतील. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, ते 'जी जी' करून ओळ उचलतात. रॅपलाही झीलकरी द्या. शेवटचा शब्द मागच्यांनी दोनदा म्हणायचा : 'टेबलाला, टेबलाला'. आमच्या इथे सातवीतल्या पोरांनी हे काम घेतलं आणि आठवड्यात गल्लीतलं प्रत्येक लहान मूल ते म्हणत होतं. वॉर्ड ऑफिसातला शिपाईसुद्धा.

कडवं सोळा ओळींचं पुरे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'आहे-नाही', 'जातो-येतो', 'केलं-गेलं' अशी यमकं फुकट मिळतात आणि कानाला कंटाळा आणतात. वाक्य उलटं फिरवा, नाम शेवटी आणा : कडी, शिडी, घडी, सही, वही, दही. भाषा घरात बोलता तीच ठेवा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, दखनी, मुंबईची बंबैया हिंदी, एका गाण्यात दोन-तीन आल्या तरी हरकत नाही. गल्लीत तशाच बोलल्या जातात.

तालाचं फार टेन्शन घेऊ नका. ढोलकीवरचा केरवा आठ मात्रांचा, तो रॅपच्या चार ठोक्यांच्या बारमध्ये नेमका बसतो. ८५ ते ९५ बीपीएमला (मिनिटाला तेवढे ठोके) मराठी शब्द स्पष्ट राहतात, पुढे गेलात की जोडाक्षरं गिळली जातात. नेटवरच्या 'फ्री' बीटच्या अटी वाचा. बऱ्याचदा ते फक्त बिगरव्यावसायिक वापराला फुकट असतात, आणि सिनेमातली चाल उचललीत तर व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा हमखास येतो. त्यापेक्षा स्वतःचा बीट करा : डफ किंवा हलगी, रिकामा ड्रम, पत्र्याचं दार, आणि सरकणाऱ्या कडीचा 'खट्ट' आवाज. आम्ही तो खट्ट प्रत्येक चौथ्या ठोक्याला ठेवला. गाण्यातली ती एकमेव कडी.

रेकॉर्डिंग फोनवर होतं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला. खोलीत गाद्या उभ्या करा किंवा डोक्यावर गोधडी घ्या, घुमणं थांबतं. कानात बीट, फोनमध्ये फक्त आवाज. दोन्ही नंतर बँडलॅबसारख्या मोफत ॲपमध्ये जोडा. पहाटे तीनला रेकॉर्ड करायचा मोह होईल, कारण तेव्हा वस्ती शांत असते. शेजाऱ्यांना विचारून करा, तेच तुमचे पहिले श्रोते आहेत.

नाक्यावर

लाउडस्पीकर लावायचा असेल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लेखी परवानगी लागते. ती पोलीस ठाण्यात अर्ज करून निदान आठवडाभर आधी मागा. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर तर नाहीच, मोकळ्या जागेत वाद्यंही नाहीत. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर असू शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे मोठा स्पीकर तसाही बसत नाही.

मला विचाराल तर स्पीकर नकोच. डफ, सहा आवाज आणि चित्राची भिंत पाठीशी असेल तर गल्लीला पुरतं. संध्याकाळी साडेसहा, कामावरून लोक परतताना, वीस मिनिटं. आधी गाणं, मग एकीने दोन मिनिटांत अर्जाची गोष्ट सांगायची, मग सह्यांचा कागद फिरवायचा, मग पुन्हा गाणं. २०२३ च्या फेब्रुवारीत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये कला महोत्सव झाला, तोही वसाहतीच्या आतच, इमारतींच्या मधल्या जागेत, तिथल्याच तरुणांना घेऊन. प्रेक्षकाला घरापासून शंभर पावलांच्या पुढे चालवू नका.

जपून

शहरात जमावबंदीचे आदेश निघत असतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठाण्यात चौकशी करा, आणि पत्राची पोच तिथूनही घ्या.

गाण्यात माणसाच्या नावाऐवजी पदाचं नाव घ्या, आणि पैसे खाल्ल्याचा आरोप हातात कागद असल्याशिवाय करू नका. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन तरुण रॅपरांवर राजकारणावरच्या गाण्यांमुळे गुन्हे नोंदले गेले, हे डोळ्यासमोर ठेवा. घाबरून लिहा असं मी म्हणत नाही. 'तीनशे बारा दिवस झाले, उत्तर नाही' ही ओळ शिवीपेक्षा जास्त लागते, आणि ती शिक्क्यानिशी खरी असते.

ताब्यात घेतलंच तर : कारण विचारण्याचा, घरच्यांना कळवण्याचा, वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. अटक झाल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० प्रत्येकाने हातावर पेनाने लिहून ठेवायचा. फोन काढून घेतात, हात नाही.

आणखी एक धोका गोड असतो. निवडणूक जवळ आली की कुणीतरी रंगाचे पैसे द्यायला येतो, फक्त कोपऱ्यात फोटो हवा असतो. नाही म्हणा. वर्गणी वीस-पन्नास रुपयांची घ्या, हिशेब त्याच भिंतीच्या बाजूला कागदावर चिकटवा.

भिंत जागी ठेवणं

व्हिडिओ दीड मिनिटाचा, उभा, खाली मराठी अक्षरांत ओळी, आणि शेवटच्या फ्रेममध्ये अर्जाची पोच. चेहरे दाखवायचे त्यांना आधी विचारा. काही मुलींना घरी चालणार नाही, त्यांचे हात दाखवा. आमच्या चित्रात तसेही हातच होते.

मग कंटाळवाणा भाग. दर सोमवारी कुणीतरी एकाने चौकोनातला आकडा पुसून नवा लिहायचा, आणि महिन्यातून एकदा चौघांनी पोच घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं. आमच्याकडे १४२ व्या दिवशी एक माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. तीन कड्या लावल्या, चौथी संपली म्हणाला. पोरांनी चौकोनाच्या शेजारी '३/४' लिहिलं आणि आकडा चालू ठेवला. चौथी कडी १६९ व्या दिवशी लागली. दिव्यांचा अर्ज वेगळा होता, तो वेगळ्या पट्ट्यावर गेला.

चौकोनातला आकडा बदलत राहता यावा म्हणून काम संपल्यावर उरलेला पांढरा आणि काळा रंग दोन घट्ट झाकणांच्या बरण्यांत भरा, वर तारीख लिहा, अर्ध्या इंचाचा एक ब्रश धुऊन सोबत ठेवा. हे सगळं भिंतीच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या घरात द्या. आमच्याकडे ते त्या मावशींच्या मोरीवरच्या फळीवर असतं.